बापूराव, पवळा आणि एक फ्रेंच पिक्चर: प्रेमकथा नेमकी कोणाची?

(या एपिसोडचा लेखी मजकूर. बोललेलंच लिहिलंय, फक्त "अं" आणि "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत.)

मे महिना, नागपूर, आणि मी कूलर बंद करून रेकॉर्ड करून राहिलो आहे. मागच्या वेळी तुमच्यापैकी तिघांनी लिहिलं होतं की आवाजामागे हेलिकॉप्टर उडत होतं. ते हेलिकॉप्टर नव्हतं. असू द्या. आज घाम आला तरी चालेल, पण प्रत्येक शब्द नीट ऐकू गेला पाहिजे, कारण आज मला माझीच एक चूक दुरुस्त करायची आहे.

दोन महिन्यांआधी मी एक रील टाकली होती. नव्वद सेकंदांची. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्यावर. ब्राह्मण शाहीर, महार कलावंतीण, समाजाचा विरोध, शेवटी ताटातूट आणि गरिबी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मराठी रंगभूमीची अमर प्रेमकथा'. मागे संथ म्युझिक. रील चांगली चालली, मी खूश.

मग एक दिवस ऑफिसमध्ये, मिहानला, डबा खाताना माझी एक सहकारी मैत्रीण बोलली. ती इंदोऱ्याची. म्हणाली, "रील पाहिली तुझी. प्रेमकथा छान आहे. पण कोणाची आहे?"

मी म्हटलं, "दोघांची. अजून कोणाची राहणार?"

ती म्हणाली, "दोघांची आहे तर मग ती त्यात काही करत काहून नाही?"

घरी येऊन मी माझीच रील परत लावली आणि अक्षरशः क्रियापदं मोजली. बापूराव जन्मले, शिकले, भुलले, घर सोडलं, लावण्या लिहिल्या, फड उभा केला, गाजले, खचले, गेले. आणि पवळा? पवळा 'सुंदर होती'. झालं. एक क्रियापद, 'होती'. नव्वद सेकंदांत मी त्या बाईला उठून उभंसुद्धा राहू दिलं नव्हतं.

तर आज तीच गोष्ट परत सांगतो. पण त्याआधी थोडं पॅरिसला जाऊन येऊ, कारण ती रील सुचली एका फ्रेंच पिक्चरवरून.

पिक्चरचं नाव 'ले आँफाँ द्यू पारादी'. शब्दशः 'स्वर्गातली लेकरं'. आता स्वर्ग म्हणजे काय, तर थिएटरची सगळ्यात वरची बाल्कनी. सगळ्यात स्वस्त तिकीट, सगळ्यात जास्त आरडाओरडा. आपल्या भाषेत शिट्ट्या मारणारं पब्लिक. मार्सेल कार्नेने तो काढला, लिहिला झाक प्रेव्हेरने, आणि पॅरिसमध्ये लागला मार्च १९४५ मध्ये. तीन तासांच्या वर लांबी. शूटिंग झालं तेव्हा फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. सेट डिझाइन करणारा अलेक्झांद्र त्रोनेर आणि संगीत देणारा जोसेफ कोस्मा दोघेही ज्यू, म्हणून त्यांनी लपूनछपून काम केलं.

गोष्ट आहे त्याच्या शंभरेक वर्षं आधीच्या पॅरिसची. एक रस्ता, त्यावर ओळीने नाटकाची थिएटरं, बाहेर तोबा गर्दी. त्यातलं एक थिएटर 'फ्युनाम्ब्युल', म्हणजे दोरीवरून चालणारे. आपण डोंबाऱ्यांचं थिएटर म्हणू. तिथे बाप्तिस्त नावाचा मूकनट काम करतो: पांढरा चेहरा, ढगळ पांढरे कपडे, तोंडातून शब्द नाही. त्याचं गारान्सवर प्रेम बसतं. गारान्सवर आणखी तिघांचा जीव आहे: एक बडबड्या नट, एक गुन्हेगार आणि एक उमराव. शेवटी कोणालाच कोणी मिळत नाही. कार्निव्हलच्या गर्दीत ती बग्गीतून निघून जाते आणि बाप्तिस्त तिच्या मागे धावता धावता माणसांच्या लोंढ्यात अडकतो. बस, पडदा.

मला तेव्हा हे माहीत नव्हतं की यातला मूकनट, बडबड्या नट आणि गुन्हेगार, तिघेही खरोखर होऊन गेलेले लोक आहेत. मूकनट म्हणजे झाँ-गास्पार देब्युरो, जन्म १७९६, मृत्यू १८४६. नट म्हणजे फ्रेदेरिक लमेत्र. आणि गुन्हेगार लासनेर, ज्याला १८३६ मध्ये फाशीच्या यंत्राखाली मान द्यावी लागली. पण जिच्याभोवती हे सगळे फिरतात ती गारान्स? काल्पनिक. पुरुष इतिहासातले, बाई लेखकाच्या डोक्यातली.

आणखी एक किस्सा ऐका, कारण तो पुढे लागणार आहे. १८३६ मध्ये रस्त्यात एका पोराने देब्युरोला डिवचलं. देब्युरोने काठी मारली आणि तो पोरगा मेला. खटला उभा राहिला. कोर्टात ही गर्दी! लोकांना न्याय पाहायचा नव्हता. त्यांना ऐकायचं होतं की आयुष्यभर स्टेजवर गप्प राहणाऱ्या या माणसाचा आवाज कसा आहे. तो निर्दोष सुटला. हाच किस्सा नट झाँ-लुई बारोने प्रेव्हेर आणि कार्नेला सांगितला आणि त्यातून पिक्चरची कल्पना निघाली.

म्हणजे तिकडे एक मुका कलाकार आणि त्याचा आवाज ऐकायला धावलेलं शहर. आता आपल्याकडे या.

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष नावाचं गाव आहे. ११ नोव्हेंबर १८६६ ला तिथे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. घरात कुलकर्णीपण, म्हणजे गावचं दप्तर, गावचे हिशेब, गावात मान. या माणसाला नाद लागला लावणीचा. तो गावातल्या तमासगिरांसाठी गाणी रचू लागला आणि हळूहळू दप्तर सुटलं, गाव सुटलं. श्रीधर कुलकर्णीचा पठ्ठे बापूराव झाला. दोन लाख लावण्या रचल्याचा त्यांचा स्वतःचा दावा होता. आकडा सोडून द्या, पण गण, गौळण, लावणी, वग, सगळ्यांत त्यांची रचना आजही फडांवर गायली जाते. कोल्हापूरला शाहू महाराजांपुढे त्यांनी 'मिठाराणी'चा वग केला होता.

आणि पवळा. १२ ऑगस्ट १८७० चा जन्म. गाव हिवरगाव पावसा, तालुका संगमनेर. महार कुटुंब, घरात दारिद्र्य. पूर्ण नाव पवळा तबाजी भालेराव, लोकांच्या तोंडी पवळा हिवरगावकरीण.

इथे विदर्भातल्या ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडची खडी गंमत किंवा झाडीपट्टीतली दंडार तुमच्या आजोबांनी पाहिली असेल. त्यात बाईचं काम गडीच करायचा. लुगडं नेसून, पायात चाळ बांधून. तिकडच्या तमाशातही तसंच होतं, तिथे त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. अशा काळात पवळा स्वतः बोर्डावर उभी राहिली. तमाशाच्या बोर्डावरची पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

आता जरा थांबा आणि या वाक्याचा विचार करा. मी रीलमध्ये हे 'सुंदर होती'च्या आधी एक विशेषण म्हणून गुंडाळून टाकलं होतं. पण शेकडो पुरुषांसमोर, जिथे आजवर फक्त पुरुषच नाचले, तिथे पहिल्यांदा एक बाई उभी राहते. तीही अशा जातीची, जिची सावली गावात चालत नाही. ज्या हातचं पाणी दुपारी कोणी पिणार नाही, त्याच हातातल्या लावणीच्या अदेवर रात्री पैसे उधळायचे. ही घटना बापूरावांनी घर सोडण्याइतकी मोठी नाही का? माझ्या मते जास्त मोठी आहे.

दोघं एकत्र आले आणि फड तुफान चालला. मुंबईत थिएटरात खेळ, खेड्यापाड्यांत जत्रांना खेळ. ब्राह्मण माणूस महार बाईसोबत राहतो, तिच्यासोबत जेवतो, तिच्यासोबत बोर्डावर उभा राहतो, यावर गहजब झाला. बापूरावांना जातीने टाकलं. त्यांनी ते सहन केलं, लपवलं नाही, उलट आपल्या रचनांमध्ये स्वतःच्या आणि पवळाच्या जातीचा उघड उल्लेख केला. हे धाडस होतं, आणि मी ते कमी लेखत नाही.

पण माझ्या मैत्रिणीचा प्रश्न इथेच येऊन बसतो. आपण ही गोष्ट सांगताना म्हणतो, बापूरावांनी केवढा त्याग केला! जानवं सोडलं, वतन सोडलं, मान सोडला. बरोबर. पण त्याग मोजायचा तर आधी हातात काहीतरी असावं लागतं. बापूरावांकडे सोडण्यासारखं होतं म्हणून त्यांचा हिशेब मांडता आला. पवळाकडे ना वतन होतं, ना मान. मग तिने काय सोडलं, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. ज्याच्याकडे जास्त होतं त्याचाच तोटा इतिहासात नोंदवला गेला.

इंजिनिअर आहे, तर एक कामावरचं उदाहरण देतो. कोडमध्ये प्रत्येक बदलासोबत कोणी केला त्याचं नाव कायमचं चिकटतं. पण तो कोड रात्रभर जागून सर्व्हरवर चालता ठेवणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. लावणीचंही तसंच आहे. शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो. शंभर वर्षांनी कोणीही ती लावणी गायली की शाहिराचं नाव आपोआप येतं. पण जिने ती पहिल्यांदा गायली, जिच्या पायांनी आणि डोळ्यांनी त्या शब्दांना अर्थ आला, तिच्या नावासाठी त्या रचनेत जागाच नसते. असली तरी ती शाहिराने दिलेली, शाहिराच्या शब्दांत.

म्हणून मला तो देब्युरोचा किस्सा आठवतो. मुक्या नटाचा आवाज ऐकायला पॅरिस कोर्टात लोटलं. पवळाचा आवाज तर महाराष्ट्राने वर्षानुवर्षं ऐकला, तिकीट काढून ऐकला, आणि तिचं स्वतःचं असं एक वाक्य आपल्या हातात उरलेलं नाही.

आता या गोष्टीतला तो प्रसंग, जो मी रीलमधून गाळला होता. खरं सांगतो, मला माहीत होता. 'प्रेमकथेत बसत नाही' म्हणून गाळला.

साल १९२७. मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं होतं. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह परिषद ठरली होती आणि त्यासाठी पैसे गोळा होत होते. बापूराव बाबासाहेबांना भेटायला गेले आणि म्हणाले, माझ्या तमाशाच्या काही खेळांचं उत्पन्न या फंडाला देतो. बाबासाहेबांनी नकार दिला. महार बायांना नाचवून मिळालेला पैसा मला नको, असा त्या नकाराचा अर्थ होता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, किती कडक! जातीबाहेर पडलेला ब्राह्मण, स्वतःहून मदत घेऊन आलेला, आणि त्याला असं परत पाठवायचं? आता कळतं की मी तेव्हाही बापूरावांच्याच खुर्चीत बसून तो प्रसंग बघत होतो.

बाबासाहेब एका माणसाच्या मनात डोकावून त्याचं प्रेम खरं की खोटं हे ठरवत नव्हते. ते व्यवस्था बघत होते. नाचायचं कोणी हे जात ठरवते. बघायचं कोणी हेही जात ठरवते. आणि जिला नाचायला उभं केलं, तिलाच नंतर 'तसली बाई' म्हणून तिच्या अख्ख्या समाजाला हिणवायचं. फडाचा मालक मनाने कितीही मोठा असला, तरी हे चक्र त्याच्या प्रेमाने थांबत नाही. पुढे १६ जून १९३६ ला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यासमोर भाषण केलं आणि हे जगणं सोडा असं थेट सांगितलं. तुमच्या पोटापाण्याचं काय, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, पण हे सोडावंच लागेल, अशी ती भूमिका होती.

या भूमिकेची किंमतही होती. जिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, तिची कला हीच तिची भाकरी होती. तिला एका बाजूने समाज 'नाची' म्हणणार, आणि दुसऱ्या बाजूने आपलेच लोक म्हणणार की आमची मान खाली घालू नको. दोन्हीकडून ऐकून घेणारी तीच. इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये आलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात तमाशातल्या दलित बायांच्या याच कोंडीवर लिहिलंय, आणि त्यात पवळाला बापूरावांच्या सावलीतून बाहेर काढून बघितलंय. जमलं तर वाचा.

माझ्या मैत्रिणीला मी हा प्रसंग सांगायला गेलो, तर तिला तो लहानपणापासून माहीत होता. ती म्हणाली, "आमच्या घरी टीव्हीवर लावणी लागली की आजी उठून चॅनेल बदलायची. आम्हाला वाटायचं तिला आवडत नाही. पण भांडी घासताना चाल गुणगुणायची रे ती. शब्द नाही, फक्त चाल." मला यावर काहीच बोलता आलं नाही.

आता शेवटाकडे. बापूराव आणि पवळा यांचं पुढे फाटलं. ती फडातून निघाली. त्यानंतर बापूरावांचा फड पूर्वीसारखा चालला नाही. इथेही बघा, आपण काय म्हणतो? 'पवळा गेली आणि बापूराव संपले.' हे वाक्य मी रीलमध्ये मोठ्या भावनेने म्हटलं होतं. पण त्याच वाक्यात एक कबुली लपलेली आहे. ती गेल्यावर फड बसला, याचा अर्थ फड तिच्यावर उभा होता! लावण्यांची वही तर बापूरावांकडेच होती ना? शब्द होते, नाव होतं, कीर्ती होती. नव्हती फक्त ती.

६ डिसेंबर १९३९ ला पवळा गेली. २२ डिसेंबर १९४५ ला बापूराव गेले, पुण्यात, हलाखीत. म्हणजे तो फ्रेंच पिक्चर पॅरिसमध्ये लागला त्याच वर्षी. पाचच वर्षांनी, १९५० मध्ये मराठीत पिक्चर आला. नाव काय? 'पठ्ठे बापूराव'.

आणि मग आपल्याकडे एक साचाच तयार झाला. सज्जन, शिकलेला, वरच्या थरातला माणूस, त्याच्या आयुष्यात नाचणारी बाई येते, आणि तो बरबाद होतो. १९७२ चा 'पिंजरा' आठवा. गावचा आदर्श मास्तर, तमाशातली बाई. तो पिक्चर मुळात १९३० च्या 'ब्लू एंजल' या जर्मन पिक्चरवर बेतलेला, म्हणजे साचा युरोपातही होताच. बरबाद झालेला माणूस सगळ्यांना दिसतो. त्याच्यासाठी आपण रडतो. त्या बाईचं काय बिघडलं हे कोणी विचारत नाही, कारण ती आधीपासूनच बिघडलेली आहे असं आपण गृहीत धरलेलं असतं. त्या मानाने फ्रेंच गारान्स नशीबवान. काल्पनिक का असेना, लेखकाने तिला 'नाही' म्हणायला तोंड दिलं. खऱ्या पवळाला आपण तेवढंही दिलं नाही.

मग प्रेम होतं की नव्हतं? मंडळी, मी असं म्हणत नाहीये की नव्हतंच. दोन माणसं इतकी वर्षं एकत्र राहतात, शिव्या खातात, रात्र रात्र एका बोर्डावर उभी राहतात, त्यांच्यात काहीतरी खरं असणारच. पण प्रेमकथा म्हणायला दोन जणांची साक्ष लागते. आपल्याकडे एकाचीच आहे, तीही यमकात बांधलेली. तोवर मी तिला 'अमर प्रेमकथा' म्हणणार नाही. ती रील मी डिलीट केली नाही, कारण चूक पुसून टाकली तर तुम्हाला कळणार कसं? फक्त टायटल बदललं आणि खाली या एपिसोडची लिंक दिली.

जाता जाता आपल्या नागपूरची एक गोष्ट. पवळा गेल्यानंतर तीनच वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, इथे मोहन पार्कात दलितांची मोठी परिषद झाली. २० जुलैला महिलांची वेगळी परिषद होती. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या, बाबासाहेबांनी स्वतः आकडा वीस-पंचवीस हजारांचा सांगितला. त्या बायांनी स्टेजवर उभं राहून ठराव मांडले: घटस्फोटाचा हक्क पाहिजे, एका बायकोवर दुसरी करायची पद्धत कायद्याने बंद करा, गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना सुट्टी द्या. ते ठराव लिहून ठेवले गेले, मांडणाऱ्यांच्या नावांसकट. आज आपण ते वाचू शकतो.

मी या शहरात लहानाचा मोठा झालो, आणि हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. तेही एक रील चुकली म्हणून. माझ्या मैत्रिणीला मात्र माहीत होतं. तिची पणजी त्या गर्दीत होती.

तर या वेळचा होमवर्क. तुमच्या घरात, नात्यात, गावात कोणी तमाशात, दंडारीत, खडी गमतीत, जलशात काम केलं असेल, तर विचारा. आणि फक्त शाहिराचं नाव विचारू नका. नाचायचं कोण, गायचं कोण, चाळ कोण बांधायचं, ते विचारा. नाव मिळालं तर लिहून ठेवा. त्यांची परवानगी असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, त्यांच्याच आवाजात असेल तर सगळ्यात उत्तम.

चला, कूलर लावतो आता. भेटू पुढच्या एपिसोडला. जय महाराष्ट्र, जय भीम, आणि उन्हात पाणी पीत राहा बाप्पा!